सॉकेटची जोडणी उघडताना: 'कनेक्ट' १२७ सेकंद अडकतो, आणि नसलेल्या सर्व्हरकडून पोच येते

काटेकोर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी मी सी भाषेत दोन छोटे प्रोग्राम लिहिले आहेत. दोन्ही काट्याशेजारच्या केबिनमधल्या एकाच लहानशा लिनक्स संगणकावर चालतात. पहिल्याला मी 'वाचक' म्हणतो. तो सिरीयल पोर्टवरून वजन वाचतो आणि प्रत्येक खेपेची नोंद त्याच संगणकावरच्या दुसऱ्या प्रोग्रामकडे, म्हणजे 'प्रेषका'कडे, १२७.०.०.१ या पत्त्याच्या ४०००० क्रमांकाच्या पोर्टवर पाठवतो. प्रेषक ती नोंद डिस्कवर लिहितो, वाचकाला पोच देतो आणि नंतर मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरकडे रवाना करतो. ऐन गळीत हंगामात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींचा उलगडा मला झालेला नाही.

पहिली अशी, की कार्यालयाकडे जाणारी लाइन बंद पडली की प्रेषक जागच्या जागी गोठतो. लॉगमध्ये, जोडणी उघडणाऱ्या 'कनेक्ट' या हाकेच्या आधी आणि नंतर मी वेळ छापतो, आणि दोन्हींतला फरक दर वेळी १२७ सेकंद येतो. प्रेषकाला एकच थ्रेड असल्यामुळे तेवढा वेळ वाचकालाही पोच मिळत नाही, काट्याचा पडदा अडतो आणि बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते.

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. एका रात्री डिस्क भरल्यामुळे प्रेषक बंद पडला. वाचक आपला दर सेकंदाला जोडणीचा प्रयत्न करत राहिला, आणि पहाटे चारच्या सुमारास त्याच्या लॉगमध्ये 'जोडणी झाली' अशी ओळ आली. प्रेषक तर तेव्हाही बंदच होता! त्याहून कहर म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या खेपांना पोच मिळाल्याची नोंद आहे. सकाळी मी प्रेषक सुरू करायला गेलो, तर पत्ता आधीच वापरात असल्याचे सांगून सॉकेटला पत्ता देणाऱ्या 'बाइंड'ने नकार दिला, आणि 'एसओ_रीयूजअ‍ॅडर' (पत्ता पुन्हा वापरू देणारे सेटिंग) लावलेले असूनही दिला. शेवटी संगणक बंद करून पुन्हा चालू केल्यावर सगळे सुरळीत झाले. मधल्या खेपांच्या नोंदी मात्र डिस्कवर कुठेही नाहीत. छापील पावत्या होत्या म्हणून निभावले.

दोन्ही प्रोग्रामांत जोडणीचा भाग सारखाच आहे: 'सॉकेट' (जोडणीचे आपल्याकडचे टोक) उघडायचे, 'कनेक्ट' करायचे, अपयश आले तर एक सेकंद थांबून त्याच डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या सॉकेटच्या क्रमांकावर) पुन्हा 'कनेक्ट' करायचे. चूक नेमकी कुठे आहे?

---

अर्धविराम

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. दुसऱ्यावर विचार करायला वेळ हवा.

१२७ हा आकडा योगायोगाचा नाही. 'कनेक्ट'ला हाक दिली की कर्नल (प्रणालीचा गाभा) समोरच्याकडे सिन पॅकेट, म्हणजे जोडणीची पहिली विनंती, पाठवतो. उत्तर आले नाही तर एका सेकंदाने तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, मग दोन सेकंद थांबून, मग चार, आठ, सोळा, बत्तीस. लिनक्समध्ये अशा पुनःप्रेषणांची मूळ संख्या ६ आहे, आणि शेवटच्या पॅकेटनंतर कर्नल आणखी ६४ सेकंद वाट पाहतो. १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ यांची बेरीज १२७ होते. त्यानंतरच तुमच्या हाती 'ईटाइम्डआउट' ही मुदत संपल्याची चूक पडते. यावरून तुमचा कर्नल ६.५ च्या आधीचा असावा असेही सांगता येते, कारण त्या आवृत्तीपासून सुरुवातीचे चार प्रयत्न एकेका सेकंदाच्या अंतराने होतात आणि एकूण वाट १३१ सेकंदांची होते.

इथे एक भेद पक्का समजून घ्यायला हवा. समोरचा संगणक जिवंत आहे पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, अशा वेळी तो रिसेट पॅकेट पाठवतो आणि 'कनेक्ट' तत्काळ 'ईकनरिफ्यूज्ड' घेऊन परततो. मधल्या राउटरने मार्ग नसल्याचे कळवले तर 'ईहोस्टअनरीच' मिळतो. पण लाइनच तुटलेली असेल, किंवा एखादी फायरवॉल पॅकेट मुकाट्याने गिळत असेल, तर उत्तर कोणाकडूनच येत नाही. नकार लवकर कळतो, मौन कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ किती असावा हे आपण ठरवले नाही तर कर्नल ठरवतो.

तुम्ही सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करा, म्हणजे हाक अडून न राहता लगेच परतेल. लिनक्समध्ये 'सॉकेट'च्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्येच 'सॉक_नॉनब्लॉक' आणि 'सॉक_क्लोएक्झेक' मिसळता येतात, २.६.२७ पासून ती सोय आहे. मग 'कनेक्ट' लगेच उणे एक देईल आणि 'एरनो'मध्ये (चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या चलात) 'ईइनप्रोग्रेस' असेल. ही चूक नव्हे, काम सुरू झाल्याची वर्दी आहे. त्यानंतर 'पोल'ला त्या डिस्क्रिप्टरवर 'पोलआउट'ची, म्हणजे सॉकेट लिहिण्यायोग्य होण्याची, वाट पाहायला सांगा, मुदत तुमच्या मर्जीची, समजा ५ सेकंद. 'पोल' परतला की 'गेटसॉकऑप्ट'ने 'एसओ_एरर' (सॉकेटवर नोंदलेली चूक) विचारा, कारण जोडणी फसली तरीही सॉकेट लिहिण्यायोग्य असल्याचेच 'पोल' सांगतो.

आणि अपयशानंतर त्याच डिस्क्रिप्टरवर पुन्हा 'कनेक्ट' करणे सोडून द्या. लिनक्सवर ते बहुधा चालून जाते, पण अपयशी 'कनेक्ट'नंतर सॉकेटची अवस्था अनिश्चित मानावी, ते बंद करून नवे उघडावे, असे लिनक्सचे स्वतःचे मॅन पानच सांगते.

---

भीमाकाठ

अर्धविराम यांचे विवेचन पटले, पण मूळ प्रश्न वेगळा आहे असे मला वाटते. २०२० नंतरच्या काळात वजनकाट्यासाठी कच्चे सॉकेट हाताळायचेच कशाला? लिबकर्ल ही तयार लायब्ररी वापरा, किंवा गो भाषेत लिहा. शेकडो लोकांनी वर्षानुवर्षे घासूनपुसून घेतलेला कोड बाजूला ठेवून प्रत्येकाने आपापली विहीर खणण्यात काय हशील?

---

अर्धविराम

@भीमाकाठ, सल्ला वाजवी आहे आणि नवा प्रकल्प असता तर मीही तेच सुचवले असते. परंतु लिबकर्लमध्ये जोडणीची मूळ मुदत ३०० सेकंद आहे. काटेकोर यांनी काही न बदलता ती लायब्ररी उचलली असती, तर रांग दोन मिनिटांऐवजी पाच मिनिटे थांबली असती. मुदत कुठे बदलायची हे कळण्यासाठी आत काय चालते याची कल्पना असावीच लागते.

---

काटेकोर

अर्धविराम, मनापासून धन्यवाद. सांगितल्याप्रमाणे प्रेषकात बदल केला. गोठणे थांबले, पण आता उलटाच प्रकार होतो आहे. कार्यालयातला सर्व्हर मुद्दाम बंद ठेवला तरी प्रेषक 'जोडणी झाली' असे छापतो आणि पुढच्याच 'राइट'ला आपटतो. 'गेटसॉकऑप्ट' मी तपासतो आहे, ते दर वेळी शून्यच देते.

---

सावकाश

'गेटसॉकऑप्ट' जे परत देते ते शून्य, की तुम्ही ज्या चलाचा पत्ता दिला त्या चलात भरलेले मूल्य शून्य? पहिल्याचा अर्थ एवढाच, की विचारणा व्यवस्थित पार पडली. जोडणीचे खरे उत्तर दुसऱ्यात असते. टपाल कचेरीच्या खिडकीवर माणूस बसलेला आहे, एवढ्यावरून आपले पत्र पोचले असे आपण समजत नाही.

आणखी एक बारकावा. 'एसओ_एरर' एकदा वाचला की कर्नल तो पुसून टाकतो. दोनदा विचारला, एकदा तपासण्यासाठी आणि एकदा लॉगमध्ये छापण्यासाठी, तर दुसऱ्या वेळी शून्य मिळेल.

---

काटेकोर

पकडलेत! मी परतीचे मूल्यच तपासत होतो. आता चलातले मूल्य पाहिले तर १११ आहे, म्हणजे 'ईकनरिफ्यूज्ड'. पहिला प्रश्न सुटला. दुसरा तसाच आहे.

---

शून्यवाचक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पोर्ट क्रमांकात दडलेले आहे. तुमचा वाचक त्या पहाटे स्वतःशीच जोडला गेला.

'कनेक्ट' करणाऱ्या बाजूलाही एक पोर्ट लागतो. आपण 'बाइंड' केले नाही तर कर्नल स्वतःहून एक तात्पुरता पोर्ट देतो, आणि लिनक्समध्ये हे पोर्ट मुळात ३२७६८ ते ६०९९९ या पट्ट्यातून दिले जातात. ४०००० त्याच पट्ट्यात येतो. प्रेषक जिवंत असताना तो पोर्ट त्याने अडवलेला असतो, त्यामुळे कर्नल तो दुसऱ्या कोणाला देत नाही. प्रेषक मेला की तो मोकळा होतो. मग वाचक दर सेकंदाला एक नवा तात्पुरता पोर्ट घेऊन १२७.०.०.१ च्या ४०००० वर धडका देतो आणि नकार घेऊन परततो. पट्ट्यात एकूण २८,२३२ पोर्ट आहेत. कर्नल एकाच गंतव्यासाठी ते साधारण ओळीने वापरत गेला, तर सेकंदाला एक या वेगाने आठ तासांच्या आत सगळा पट्टा पालथा घातला जातो. कधीतरी त्याच्या वाट्याला नेमका ४००००च येतो. तुमच्या बाबतीत तो पहाटे चारला आला.

---

भीमाकाठ

क्षमस्व, पण हे पटत नाही. टीसीपीमध्ये, म्हणजे या जोडण्यांच्या प्रोटोकॉलमध्ये, एकाने 'लिसन' करावे लागते आणि दुसऱ्याने 'कनेक्ट'. ऐकणारेच कोणी नसेल तर तीन टप्प्यांचा हँडशेक पुरा होणार कसा?

---

शून्यवाचक

@भीमाकाठ, शंका रास्त आहे. मलाही पहिल्यांदा ऐकले तेव्हा हे खोटेच वाटले होते.

टीसीपीचे जे मूळ प्रमाण सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ७९३ म्हणून आले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने ज्याची जागा घेतली, त्या दोन्हींत एकाच वेळी उघडणाऱ्या जोडणीची तरतूद आहे. दोन्ही बाजूंनी एकमेकांना एकाच वेळी सिन पाठवले, तर कोणीही ऐकत नसताना जोडणी व्हावी असा नियम आहे. सिन पाठवून उत्तराची वाट पाहणाऱ्या सॉकेटला समोरून सिनच आले, तर ते पोच आणि स्वतःचे सिन असे जोड पॅकेट पाठवते आणि पुढच्या अवस्थेत जाते. आता दोन्ही टोकांचा पत्ता आणि पोर्ट एकच असतील तर काय होईल ते पाहा. वाचकाने ४०००० वरून ४०००० कडे सिन पाठवले. लूपबॅकवरून, म्हणजे संगणकाच्या स्वतःकडेच परतणाऱ्या मार्गावरून, ते त्याच सॉकेटकडे परत आले. सॉकेटच्या दृष्टीने कोणीतरी त्याच क्षणी आपल्याला हाक दिली. त्याने जोड पॅकेट पाठवले, तेही फिरून त्याच्याकडेच आले, आणि जोडणी प्रस्थापित झाली. कर्नलने नियमाबाहेर काहीही केलेले नाही.

खात्री करायला आठ तास थांबण्याची गरज नाही. पायथॉनमध्ये चार ओळींत होते: एक सॉकेट उघडा, ते १२७.०.०.१ च्या ४०००० ला 'बाइंड' करा, 'लिसन' करू नका, आणि त्याच पत्त्यावर 'कनेक्ट' करा. जोडणी तत्क्षणी होईल. त्यावर काहीही लिहा आणि त्याच सॉकेटवरून वाचा, लिहिलेले जसेच्या तसे परत मिळेल.

काटेकोर, पोच कशी मिळाली याचा उलगडाही इथेच होतो, पण त्यासाठी तुमची पोच कोणत्या स्वरूपाची आहे ते सांगा.

---

काटेकोर

वाचक नोंदीची जी ओळ पाठवतो, तिच्या सुरुवातीला खेपेचा अनुक्रमांक असतो. प्रेषकाने तोच अनुक्रमांक परत पाठवला की वाचक त्याला पोच समजतो. ओळीत पुढे काय आहे ते तो पाहत नाही.

आत्ता लिहिताना लक्षात आले. तो रात्रभर स्वतःचीच ओळ वाचत होता.

---

शून्यवाचक

अगदी तेच. आणि 'बाइंड' का फसला तेही त्यातच आले: ४०००० वर वाचकाचे जिवंत सॉकेट बसलेले होते. 'एसओ_रीयूजअ‍ॅडर' प्रेषकाने लावले होते, पण लिनक्समध्ये ते दोन्ही सॉकेटांवर असावे लागते. वाचकाच्या सॉकेटवर ते नव्हते, म्हणून त्याचा उपयोग झाला नाही. संगणक बंद करून चालू करण्याऐवजी नुसता वाचक थांबवला असता तरी काम झाले असते.

उपाय अनेक आहेत, माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो. प्रेषक आणि वाचक एकाच संगणकावर कायम राहणार असतील तर टीसीपी सोडून युनिक्स डोमेन सॉकेट (पत्ता म्हणून फाइलचे नाव घेणारे) वापरावे. तिथे पोर्टच नसल्यामुळे हा प्रकार संभवत नाही. टीसीपीच हवा असेल तर ३२७६८ च्या खालचा एखादा पोर्ट निवडावा, किंवा कर्नलच्या 'आयपी_लोकल_रिझर्व्ह्ड_पोर्ट्स' या सेटिंगमध्ये ४०००० लिहून ठेवावा, म्हणजे तो आपोआप कोणाला दिला जाणार नाही. यांपैकी काहीही केले तरी 'कनेक्ट' यशस्वी झाल्यावर 'गेटसॉकनेम' (आपला पत्ता) आणि 'गेटपीअरनेम' (समोरच्याचा पत्ता) यांची उत्तरे ताडून पाहणे स्वस्त पडते. दोन्ही सारखी आली तर जोडणी मोडून नव्याने प्रयत्न करावा. गो भाषेच्या प्रमाण लायब्ररीत ही तपासणी आधीपासूनच आहे, तेव्हा भीमाकाठ यांचा मुद्दा या एका बाबतीत पूर्ण मान्य.

पोचेचे स्वरूपही बदला. जी ओळ मी पाठवली तीच मला पोच म्हणून चालत असेल, तर नुसता प्रतिध्वनी देणारा कोणताही सर्व्हर माझी फसवणूक करू शकतो.

---

भीमाकाठ

चार ओळी चालवून पाहिल्या. खरेच जोडले जाते. शब्द मागे घेतो, आणि हे आजवर माहीत नव्हते याची किंचित लाजही वाटते.

---

सावकाश

पहिला प्रश्न सुटला असे काटेकोर म्हणतात, पण मला अजून तीन ठिकाणी पाणी मुरताना दिसते.

तुम्ही 'पोल'ला फक्त कार्यालयाकडे जाणारे सॉकेट देऊन ५ सेकंद थांबत असाल, तर गोठणे १२७ वरून ५ वर आले, संपले नाही. वाचकाकडून येणारे सॉकेट आणि कार्यालयाकडे निघालेले अर्धवट सॉकेट ही दोन्ही एकाच 'पोल'च्या यादीत असली पाहिजेत. जोडणी होत असताना वाचकाची नोंद आली, तर ती डिस्कवर लिहून त्याच क्षणी पोच देता आली पाहिजे. एका थ्रेडमध्ये हे सहज जमते, फक्त 'जोडणी चालू आहे' ही प्रोग्रामची एक स्वतंत्र अवस्था मानावी लागते. बहुतेक जण 'जोडलेले' आणि 'न जोडलेले' अशा दोनच अवस्था धरतात आणि तिथेच फसतात.

ही ५ सेकंदांची मुदत भिंतीवरच्या घड्याळाने मोजू नका. अशा लहान संगणकांना पुष्कळदा बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. ते सुरू होतात तेव्हा जुनीच तारीख दाखवतात आणि नेटवर्क मिळाल्यावर एकदम आजच्या तारखेवर उडी मारतात. मुदत मोजताना मध्येच अशी उडी बसली तर ५ सेकंद क्षणात संपतील. 'क्लॉक_मोनोटॉनिक' वापरा, आणि 'पोल' एखाद्या सिग्नलमुळे मध्येच परतला तर उरलेला वेळ काढून पुन्हा तेवढ्याच मुदतीने बोलवा.

सिग्नलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 'रीड' आणि 'राइट' यांना 'ईइंटर' (सिग्नलमुळे काम मध्येच तुटल्याची चूक) मिळाला की पुन्हा हाक द्यायची, ही सवय आपल्या हाताला लागलेली असते. ब्लॉकिंग 'कनेक्ट'ला मात्र ती जशीच्या तशी लागू करू नये. पॉझिक्स या युनिक्ससदृश प्रणालींच्या प्रमाणानुसार सिग्नलने 'कनेक्ट' तुटला तरी जोडणीचे काम मागे चालूच राहते, आणि दुसऱ्यांदा हाक दिली तर 'ईऑलरेडी' मिळू शकतो. लिनक्स या बाबतीत उदार आहे, तिथे दुसरी हाक मुकाट्याने वाट पाहत बसते. त्यामुळेच ही चूक लिनक्सवर वर्षानुवर्षे झाकलेली राहते आणि प्रोग्राम दुसऱ्या प्रणालीवर नेला की उघडी पडते. योग्य मार्ग पुन्हा तोच: 'पोल' आणि 'एसओ_एरर'.

जाता जाता विचारतो, कार्यालयाच्या सर्व्हरचा पत्ता आकड्यांत आहे की नावाने?

---

काटेकोर

नावाने. 'गेटअ‍ॅड्रइन्फो'ने नावाचे पत्ते सोडवून घेतो आणि यादीतला पहिला पत्ता वापरतो.

---

सावकाश

मग तुमची जोडणी 'कनेक्ट'च्या आधीच अडू शकते. 'गेटअ‍ॅड्रइन्फो' ब्लॉकिंग आहे आणि त्याला मुदत देण्याची सोयच नाही. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या मूळ मांडणीत प्रत्येक नेमसर्व्हरसाठी ५ सेकंद वाट पाहिली जाते आणि असे दोन फेरे होतात. दोन नेमसर्व्हर नोंदवलेले असतील आणि लाइन तुटलेली असेल, तर एका विचारणीला २० सेकंद लागू शकतात, आणि तुमची नॉन-ब्लॉकिंग कारागिरी तेवढा वेळ बाजूला बसून राहील. नाव सोडवण्याचे काम वेगळ्या थ्रेडकडे द्या, किंवा शेवटचा चाललेला पत्ता जवळ ठेवा, किंवा सर्व्हर तुमच्याच कार्यालयात असेल तर त्याचा पत्ता सरळ 'होस्ट्स' फाइलमध्ये लिहा. तिसरा उपाय सुंदर नाही, पण वजनकाट्यावर मी तोच केला असता.

यादीतला फक्त पहिला पत्ता वापरणेही बरे नव्हे. ती यादी कर्नलला कोणता मार्ग सोयीचा दिसतो त्यानुसार क्रमाने लावलेली असते, पण पहिला पत्ता आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा असेल आणि तुमच्या लाइनवर आयपीव्ही६ नुसते नावालाच असेल, तर सगळा वेळ त्यातच जाईल. ब्राउझर यासाठी दोन्ही प्रकारच्या पत्त्यांची शर्यत लावतात. २०१७ च्या आरएफसी ८३०५ मध्ये दोन प्रयत्नांतले अंतर २५० मिलिसेकंद सुचवले आहे. तुम्हाला शर्यतीची गरज नाही, ओळीने एकेक पत्ता आणि प्रत्येकासाठी नवे सॉकेट एवढे पुरे.

---

पोथीनिष्ठ

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. एक जोडणी उघडायला इतके सोपस्कार का, असे इथे वाचणाऱ्या नवशिक्यांना वाटेल. त्याचे कारण इतिहासात आहे. ही सगळी रचना बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात घडली आणि १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर बाहेर आली. तेव्हा टीसीपी हाच पुढे सगळीकडे पसरेल याची खात्री कोणालाच नव्हती. म्हणून सॉकेट उघडणे वेगळे, त्याला पत्ता देणे वेगळे, जोडणे वेगळे, आणि पत्ता कोणत्याही कुळातला असू शकेल असे ठेवले. 'सॉकअ‍ॅडर'चा तो कुरूप कास्ट आपण आजही लिहितो, त्याचे मूळही तिथेच आहे. सी भाषेचे प्रमाणीकरण १९८९ चे, म्हणजे कोणत्याही प्रकाराकडे बोट दाखवणारा व्हॉइड पॉइंटर प्रमाण होण्याच्या आधीच ही रचना ठरून गेली होती.

बेल लॅब्जच्या प्लॅन ९ प्रणालीने हा गुंता फार सुबक सोडवला होता. तिथे जोडणी म्हणजे 'नेट' डिरेक्टरीतल्या फाइली, आणि प्रोग्रामरसाठी 'डायल' नावाचे एकच फंक्शन, ज्याला प्रोटोकॉल, यजमान आणि सेवा एकाच ओळीत सांगायची. युनिक्समध्ये सगळे फाइलच असते असे आपण अभिमानाने म्हणतो, पण सॉकेट काही 'ओपन'ने उघडत नाही. हा सल मला विद्यार्थिदशेपासून आहे.

---

अर्धविराम

पोथीनिष्ठ यांच्याशी सहमत, मात्र त्या वेगळेपणाचा फायदाही आहे. 'सॉकेट' आणि 'कनेक्ट' यांच्यामध्ये जी जागा उरते, तिथेच आपण नॉन-ब्लॉकिंगसारखी सेटिंग लावतो. उदाहरणार्थ, लिनक्सवर 'टीसीपी_सिनसीएनटी' हा पर्याय त्याच जागी लावून एका सॉकेटपुरती सिनच्या पुनःप्रेषणांची संख्या बदलता येते. काटेकोर यांच्या कर्नलवर २ ठेवली तर १, २ आणि ४ मिळून ७ सेकंदांत निकाल लागेल. एका हाकेत सगळे उरकणारे 'डायल' असते तर ही फट मिळाली नसती.

आणखी एक गोष्ट राहून गेली. 'कनेक्ट' यशस्वी झाला म्हणजे समोरच्या प्रोग्रामने आपल्याला स्वीकारले, असा अर्थ होत नाही. हँडशेक समोरचा कर्नल पुरा करतो, आणि जोडणी 'लिसन'च्या रांगेत उभी राहते. प्रोग्राम तिला 'अ‍ॅक्सेप्ट' कधी करेल ते त्याचे तो जाणे. रांगेची कमाल मर्यादा लिनक्समध्ये पूर्वी मुळात १२८ होती, ५.४ पासून ती ४०९६ आहे. प्रयोग करायचा असेल तर प्रेषकाला 'सिगस्टॉप' पाठवून गोठवा आणि वाचक सुरू करा. वाचकाची जोडणी होईल, त्याचा 'राइट'सुद्धा यशस्वी होईल, आणि पोच कधीच येणार नाही. म्हणून पोचेलाही स्वतःची मुदत हवी.

---

काटेकोर

सर्वांचे आभार. हंगाम चालू असल्यामुळे एकदम सगळे बदलता आले नाही, पण गेल्या दोन आठवड्यांत जे केले ते नोंदवून ठेवतो.

वाचक आणि प्रेषक यांच्यात आता युनिक्स डोमेन सॉकेट आहे. सुरुवातीला एक ठेच लागली. प्रेषक मेला तरी त्याची सॉकेट फाइल डिस्कवर तशीच राहते आणि पुढच्या वेळी 'बाइंड' पुन्हा पत्ता वापरात असल्याची तक्रार करतो. त्यामुळे सुरू होताना ती आधी 'अनलिंक' करतो. तेवढ्यात दोन प्रेषक एकाच वेळी सुरू होऊ नयेत म्हणून शेजारी एक कुलूप-फाइल ठेवली आहे. वाचकाला यातून एक वेगळाच लाभ झाला: फाइलच नसेल तर 'ईनोएंट' येतो आणि फाइल असून ऐकणारे कोणी नसेल तर 'ईकनरिफ्यूज्ड'. म्हणजे प्रेषक कधी सुरूच झाला नाही की सुरू होऊन मेला, हे लॉगमध्ये पाहताच समजते.

पोचेची ओळ आता वेगळ्या अक्षराने सुरू होते आणि तिच्यात नोंदीची लांबीही असते. पोच ३ सेकंदांत आली नाही तर वाचक जोडणी मोडतो आणि केबिनमधला लाल दिवा लावतो.

प्रेषकात एकच 'पोल' आहे, अवस्था तीन आहेत, आणि कार्यालयाकडच्या जोडणीची मुदत ५ सेकंद, मोनोटॉनिक घड्याळाने. सर्व्हरचा पत्ता 'होस्ट्स' फाइलमध्ये लिहिला. काल फायरवॉलमध्ये कार्यालयाकडे जाणारी पॅकेट गिळण्याचा नियम लावून दोन तास चाचणी घेतली. कार्यालयाची एकही जोडणी झाली नाही आणि काट्यावर एकाही ट्रॅक्टरला थांबावे लागले नाही. नियम काढल्यावर साचलेल्या नोंदी ओळीने रवाना झाल्या.

त्यात एक नवे दिसले. नियम काढल्यावर कार्यालयाच्या सर्व्हरवर शेवटच्या तीन नोंदी दोनदा पोचल्या. माझा अंदाज असा, की जोडणी तुटली त्या क्षणी त्या पोचल्या होत्या पण त्यांची पोच माझ्यापर्यंत आली नव्हती, आणि मी त्या पुन्हा पाठवल्या.

---

सावकाश

अंदाज बरोबर आहे, आणि ते प्रेषकाच्या बाजूने कधीच पूर्ण थांबवता येणार नाही. खेपेचा अनुक्रमांक सर्व्हरच्या तक्त्यात अद्वितीय ठेवा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता नुसती पोच द्यावी. फक्त हंगाम बदलल्यावर अनुक्रमांक एकपासून सुरू होत असतील, तर हंगामाचे वर्षही किल्लीत धरा.